तालुक्याचे वंध्यत्व उपचार केंद्र: उपचार नेमके, सूचना अपुरी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या एका खासगी वंध्यत्व उपचार केंद्रात मी व माझे पती आठ महिन्यांपासून जात आहोत. सकाळच्या एसटीने जाऊन दुपारी वेचणीला परतता येते, हा या केंद्राचा पहिला गुण. नागपूर गाठायचे म्हटले की दिवस आणि मजुरी दोन्ही बुडतात.

डॉक्टरीणबाई घाई करत नाहीत. निम्मा अंश पित्याकडून आलेल्या गर्भाला आईचे शरीर परका समजून बाहेर का टाकत नाही, हे त्यांनीच मला समजावले. रुजू लागलेला गर्भ एचसीजी हे संप्रेरक सोडतो, त्यामुळे अंडाशयातील पीतपिंड (बीजांड सुटल्यावर त्या जागी उरणारी ग्रंथी) प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक बनवत राहतो आणि गर्भारपणाच्या आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते काम वार आपल्याकडे घेते. हीच संप्रेरके रोगप्रतिकारक पेशींना गर्भाशी सबुरीने वागायला लावतात. प्रतिकारशक्ती सरसकट मंदावते असे नव्हे, तिचा रोख बदलतो. म्हणूनच फ्लू गर्भवतीला जड जातो, पण प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा आमवात बहुधा हलका होतो. माझ्या मोठ्या जावेची बोटे दिवस गेल्यावर मोकळी झाली होती आणि बाळंतपणानंतर पुन्हा आखडली, त्याचा उलगडा मला इथे झाला. (सासूबाई अजूनही गार पाण्यालाच दोष देतात.) शहरात एका नातलगाने घेतलेल्या, प्रतिकारशक्ती शांत करणाऱ्या महागड्या सलाईनविषयी मी विचारले, तेव्हा तिच्या उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही असे सांगून बाईंनी ती देण्याचे टाळले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

तक्रार मात्र गंभीर आहे. बीजांड सुटण्यासाठी मला जे इंजेक्शन दिले, ते एचसीजीचेच होते, आणि घरी लघवी तपासण्याची पट्टी नेमके तेच संप्रेरक ओळखते. इंजेक्शनचा अंश दहा ते चौदा दिवस शरीरात राहू शकतो, हे कोणी सांगितले नाही. आठव्या दिवशी दोन रेघा उमटल्या, घरात पेढे आले आणि पुढच्याच आठवड्यात पाळी आली.

मी बोलल्यापासून चिठ्ठीवर ‘१४ दिवस पट्टी वापरू नये’ असे हाताने लिहून मिळते. ते छापून घ्यावे, कारण बाजाराच्या दिवशी गर्दीत लिहायचे राहून जाते.