गेल्या पावसाळ्यापासून घरात असलेलं 'मॉकिंगजे'

तीन भागांपैकी सगळ्यात जास्त शिव्या हाच भाग खातो, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त फिरलाही हाच. सुझान कॉलिन्स यांच्या 'हंगर गेम्स' त्रयीचा हा शेवट, २०१० साली आलेला. गेल्या पावसाळ्यात अकरावीतल्या भाचीसाठी तिन्ही पुस्तकं घेतली. तिनं वाचलं, मी वाचलं, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तिच्या मैत्रिणींकडं गेलं, परत आलं, पुन्हा वाचलं. पहिल्या वाचनात ठीकठाक वाटलेलं हे पुस्तक आता मला तिन्हींत वरचढ वाटतंय. का, ते सांगायचं तर शेवट फोडावाच लागेल. ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

भाची पहिल्यांदा चिडली होती, आणि तिचं चिडणं रास्त होतं. पहिल्या दोन भागांत 'हंगर गेम्स' या जीवघेण्या खेळाचं रिंगण आहे, कॅपिटल या राजधानीच्या हुकमावरनं पोरं आत सोडायची आणि कोण मरतंय ते टीव्हीवर बघायचं. खासबागेत निकाली कुस्ती बघायला गेलेल्या माणसाला ऐन वेळी सभेत नेऊन बसवावं, तसं तिसऱ्या भागात होतं. त्या खेळातनं वाचलेली नायिका कॅटनिस आता कॅपिटलविरुद्ध उठलेल्या बंडखोरांच्या तळावर, जमिनीखालच्या डिस्ट्रिक्ट १३ मध्ये आहे. रोज सकाळी हातावर जांभळ्या शाईत दिवसाचं वेळापत्रक उमटतं, जेवण मापून मिळतं, आणि ही कुठल्या तरी अडगळीत लपून झोपा काढते. "आत्या, ही सारखी दवाखान्यातच असते. हिला हिरोईन म्हणायचं काय?" हा भाचीचा सवाल. महत्त्वाच्या वेळी कॅटनिस बेशुद्ध पडते, आणि काय झालं ते आपल्याला नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळतं, हेही खरंच आहे.

पण पुस्तकाचा जीव रिंगणात नाहीच, कॅमेऱ्यात आहे. बंडखोरांना कॅटनिस लढायला नको असते, जाहिरातीला हवी असते. आधी स्टुडिओत नटवून, घोषणा पाठ करून घेऊन शूटिंग करतात, ते साफ फसतं. मग तिला डिस्ट्रिक्ट ८ मध्ये नेतात. तिच्या डोळ्यांदेखत जखमींनी भरलेल्या दवाखान्यावर बाँब पडतात, ती संतापून कॅमेऱ्यासमोर बोलते, आणि तो संताप कापूनजोडून प्रचारात वापरला जातो. हे सगळं चालवणारा प्लुटार्क काल-परवापर्यंत हंगर गेम्सच रचत होता! मालक बदलला, माणसाचा धंदा तोच. निवडणुकीच्या हंगामात मोबाईलवर कुठल्याही पक्षाच्या रील बघताना मला आता हा प्लुटार्क आठवतो. चौदा-पंधराच्या पोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकानं आपल्याच बाजूच्या प्रचाराकडं संशयानं बघायला लावावं, ही लहान गोष्ट नाही.

पहिल्या प्रकरणाबद्दल एक सांगायलाच पाहिजे. कॅटनिस जळून राख झालेल्या आपल्या गावात परत जाते, तिथनं वडिलांचं शिकारीचं जाकीट, आईवडिलांच्या लग्नाचा फोटो, औषधी झाडपाल्याची वही अशा मोजक्या वस्तू घेते आणि बहिणीचं मांजर उचलून आणते. भाचीची एक मैत्रीण कोल्हापूरजवळच्या चिखलीची. २०१९ च्या महापुरात त्यांचं घर पाण्यात होतं. ती म्हणाली, पाणी ओसरल्यावर आजीनं पहिल्यांदा फोटोच शोधले होते, भांडी नाहीत. पुस्तक इंग्रजी, देश कल्पनेतला, पण हे पान तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता गेल, कॅटनिसचा शिकारीतला जुना मित्र. पहिल्या दोन भागांत 'तिच्यासाठी गेल बरा का तिच्याबरोबर खेळात उतरलेला पीटा' म्हणून वाचक भांडतात, तिसरा भाग त्या भांडणाची हवाच काढून घेतो. डिस्ट्रिक्ट २ मधला डोंगर पोखरून केलेला शत्रूचा तळ घ्यायचा असतो. गेल सुचवतो, दरडी कोसळवून आतली माणसं आतच गाडू. गेल आणि कॅटनिस, दोघांचेही बाप कोळशाच्या खाणीत स्फोटात गेलेले, आणि तरी तो हे बोलतो. पुढं त्याच्या आणि यंत्रं बनवणाऱ्या बीटीच्या डोक्यातनं आणखी एक कल्पना निघते: आधी एक स्फोट, मग मदतीला माणसं धावली की दुसरा. शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर कोंडलेल्या मुलांवर अगदी तसाच बाँब पडतो आणि मदतीला धावलेल्यांत कॅटनिसची तेरा वर्षांची बहीण प्रिम असते, ती त्यात मरते. तो बाँब गेलचाच होता का, हे कॅटनिसला कधीच कळत नाही. त्यालाही माहीत नसतं. तिचं लग्न कुणाशी होणार हा प्रश्न तिथंच निकाली निघतो, प्रेमाचा एक शब्द न बोलता.

घरात खरा वाद मात्र मतदानावरनं. युद्ध जिंकल्यावर बंडखोरांची अध्यक्ष कॉइन हंगर गेम्सच्या जिवंत उरलेल्या सात विजेत्यांना विचारते, कॅपिटलच्या मुलांना घेऊन एक शेवटचा खेळ भरवायचा का? पीटा, अॅनी आणि बीटी नाही म्हणतात. कॅटनिस हो म्हणते, प्रिमसाठी. भाची म्हणते, तिला कॉइनला गाफील ठेवायचं होतं, म्हणून तर नंतर तिचा बाण हरलेला राष्ट्राध्यक्ष स्नोला सोडून कॉइनला लागतो. मला पहिल्यांदा वाटलं, हो म्हणताना ती खरंच सुडानं पेटलेली होती. लेखिका एका ओळीचाही खुलासा करत नाही. दुसऱ्या वाचनानंतर मी भाचीकडं थोडी सरकलेय, पूर्ण नाही.

कॅपिटलच्या रस्त्यांवरचा आणि गटारांतला भाग मात्र मला दोन्ही वेळा कंटाळवाणा गेला. पावलोपावली सापळे, पालीसारखे प्राणी, एकेक माणूस पटापट गारद. कॅटनिसच्या साथीदार फिनिकसारखं पात्र इतक्या घाईत संपवलंय की भाचीनं मागचं पान उलटून पुन्हा बघितलं.

भाषेची भीती नको. 'मी' करून सांगितलेली वर्तमानकाळातली छोटी वाक्यं आहेत, मराठी माध्यमातली आठवी-नववीतली पोरं शब्दकोश जवळ ठेवून वाचू शकतात. वय मात्र बघा. पहिला सिनेमा आवडला म्हणून चौथी-पाचवीतल्या पोराच्या हातात देऊ नका, यातल्या मुलांच्या मरणाला थरारकथेचा आव नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये दोन भागांत आलेला सिनेमा बघितला असला तरी पुस्तक वाचाच, कारण कॅटनिसच्या डोक्यातली पडझड तिथंच नीट कळते. आणि थेट तिसऱ्यापासून सुरू करू नका, काही कळणार नाही.

माझ्याकडनं पाचपैकी चार तारे. पाचवा त्या गटारांत बुडाला. भाचीनं तीन दिलेत, फिनिकमुळं.