चहात गूळ की साखर?

हल्ली नाक्यानाक्यावर ‘गुळाचा चहा’ अशी पाटी दिसते आणि मधुमेह असलेली माणसंही तो बिनधास्त पितात, याची मला खरोखर काळजी वाटते. 100 ग्रॅम साखरेत जवळपास 400 कॅलरी, गुळात साधारण 380. दोन्हींत मुख्यतः सुक्रोज, म्हणजे एकाच प्रकारची साखर, त्यामुळे रक्तातली साखर दोन्हींनी चढते.

गुळात लोह असतं, हे खरं. पण चमचाभर गुळातून ते मिळणार किती? त्यातही चहातलं टॅनिन लोहाचं शोषण कमी करतं. चवीला मात्र गूळच सरस, तोही काळपट. पिवळाधमक दिसावा म्हणून अनेकदा त्यात हायड्रोस हे रंग उजळवणारं रसायन घालतात.

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. गूळही त्यातच मोजायचा.