पावसात पळायचं तर रेनकोट की साधा ड्रायफिट टीशर्ट?

पोलीस भरतीची तयारी करणारे पोरं दरवर्षी आषाढात हेच विचारतात, म्हणून लिहून रायलो. १६०० मीटरचं टायमिंग बसवायचं तर पावसाळाभर घरी बसून कसं जमन? पण नवीन पोरगा पहिल्याच दिवशी शेतातला जाड रेनकोट चढवून निघते न दहा मिनिटात आतून घामानंच चिंब होते, कारण त्यातून हवाच खेळत नाही, घाम बाहेर जाईन कुठून.

ड्रायफिट भिजतेच, पण पाणी धरून ठेवत नाही, पाऊस थांबला की अंगावरच वाळते. सुती बनियान मात्र नको, ओली झाली की जड होते आन काखेत घासते. डोक्यावर पुढं चोच असलेली टोपी घाला, डोळ्यात पाणी जात नाही. माझं मत सरळ टीशर्टलाच. रेनकोट पळणं संपल्यावर घाला, तेव्हा अंग लवकर थंड पडते.

सुरुवातीला एक मिनिट पळा, दोन मिनिट चाला, असं दहा वेळा, एक दिवस आड. पांदणीनं जाऊ नका भाऊ, काळी माती बुटाले अशी चिपकते की पाय किलोभर जड होते, डांबरी रोडच बरा. घरी आल्यावर बुटात पेपरचे बोळे कोंबा, चुलीजवळ ठेवू नका, सोल उखडते.

आन ढग गरजले की झाडाखाली थांबायचं नाही, सरळ पक्क्या घरात शिरायचं.