गोवा, रामेश्वरम की कल्पिटिया? पुण्याहून काइट सर्फिंग शिकायला निघण्याआधी

काइट सर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर, बोर्डवर उभं राहून पाण्यावरून धावणं. पुण्यातून ते शिकायला निघालेल्याला पहिला सल्ला बहुतेक वेळा गोव्याचा मिळतो. जवळ आहे, ओळखीचं आहे, रात्री बसमध्ये बसलं की सकाळी पोहोचतो. माझं मत वेगळं आहे. या खेळाचं अंतर किलोमीटरमध्ये न मोजता वाऱ्याच्या तासांत मोजावं. आठवडाभराच्या रजेत पतंग हाती घेऊन पाण्यात प्रत्यक्ष किती तास मिळणार, यावर शिकणं ठरतं. हा हिशेब एकदा मांडला की गोवा, तमिळनाडूतलं रामेश्वरम आणि श्रीलंकेतलं कल्पिटिया यांचा क्रम बदलतो.

नवशिक्याला साधारण १२ ते २० नॉटचा, म्हणजे ताशी २२ ते ३७ किलोमीटरचा वारा लागतो. तो नुसता जोरात असून भागत नाही, एकसारखा हवा. दिशाही महत्त्वाची. किनाऱ्याला समांतर किंवा तिरका आत येणारा वारा चांगला, कारण काही बिनसलं तर तिरका वारा तुम्हाला वाळूवर आणून सोडतो आणि समांतर वारा निदान थेट खोल समुद्रात नेत नाही. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात बचावाची बोट सोबत नसेल तर उतरूच नये, पाणी कितीही शांत दिसो.

गोव्यातल्या शाळा मुख्यतः उत्तरेला, मोरजी-आश्वे-मांद्रेच्या पट्ट्यात आहेत. हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा वारा सुरू होतो. हा वारा सौम्य आणि गुळगुळीत असतो, धक्के कमी देतो, म्हणून पहिली भीती मोडायला उत्तम. पण तो दिवसातून काही तासच असतो आणि बऱ्याचदा १२-१४ नॉटच्या आसपास रेंगाळतो. मग मोठा पतंग लागतो, आणि मोठा पतंग आळशी असतो. तो पाण्यात पडला की कमी वाऱ्यात पुन्हा उठवणं नवख्याला जड जातं. शिवाय किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा आहेत. बोर्ड पायात अडकवण्याच्या ऐन क्षणी लाट येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मोरजी ही ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचीही जागा आहे. राखून ठेवलेल्या भागात पतंग पसरू नये, हे कोणी सांगण्याची वाट न पाहता पाळावं.

रामेश्वरमचं गणित निराळं. बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा, आणि डिसेंबर-जानेवारीपासून मार्चपर्यंत ईशान्येचा. वारा फिरला की शाळा बेटाची बाजू बदलते, म्हणून दोन्ही हंगामांत सपाट पाणी मिळू शकतं. बऱ्याच जागी पाणी कमरेएवढंच असतं, आणि ही गोष्ट शिकणाऱ्यासाठी सोन्यासारखी आहे. पडलात तर उभे राहता, बोर्ड वाहून गेला तर चालत जाऊन आणता. खोल पाण्यात नुसतं सावरण्यात जाणारा वेळ इथे सरावात जातो.

पुणेकराच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय वेळेची. जुलैत आपल्याकडे घाटात धो धो कोसळत असतं, कोकण-गोव्याचे किनारे पोहण्यासाठीही धोकादायक झालेले असतात. त्याच दिवसांत रामेश्वरमला बहुतेक कोरडा, भरवशाचा वारा असतो, कारण त्या भागाचा मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमीतून येतो. पावसाळ्यातली रजा वाया न घालवता सार्थकी लावायची ही जागा. उणी बाजू प्रवासाची. विमानाने मदुराई आणि पुढे जवळपास १७० किलोमीटर रस्ता, म्हणजे जाण्या-येण्यात दोन दिवस गेलेच. संध्याकाळी करमणूक हवी असेल त्यांनी गोव्यालाच जावं. रामेश्वरम तीर्थक्षेत्र आहे, तिथली शिस्त आणि शांतता वेगळी. सकाळी लवकर उठून वाऱ्यासाठी तयार राहणाऱ्याला ती मानवते.

कल्पिटियाबद्दल थोडक्यात. मे ते ऑक्टोबर वारा जोरदार, २० नॉटच्या आसपास आणि कधी त्याहून जास्त. खाजण विस्तीर्ण, जगभरातून आलेले लोक आणि शाळांची रेलचेल. तुम्हाला बोर्डवर उभं राहता येत असेल आणि आता दिवसभर चालवायचं असेल तर यासारखी जागा आपल्या आसपास दुसरी नाही. अगदी कोऱ्या माणसाला मात्र तो जोर आणि ती गर्दी दोन्ही अंगावर येतात. पुण्याहून मुंबई किंवा चेन्नईमार्गे कोलंबो आणि पुढे तीनेक तासांचा रस्ता, त्यात व्हिसाचे नियम आणि परदेशवारीचा खर्च.

मग खडकवासला किंवा पवना का नाही, असं अनेकजण विचारतात. डोंगरांमधून येणारा वारा गोल फिरतो, अचानक दाबतो आणि अचानक सोडतो. अशा वाऱ्यात पतंग कधी कोसळेल, कधी उचलेल याचा नेम नसतो. काठ खडकाळ, परवानगीचा प्रश्न वेगळाच. धरण या कामासाठी नको. पुण्याजवळ खरोखर उपयोगी पडेल असं काही असेल तर ते कामशेतचं पॅराग्लायडिंग. तिथे जमिनीवर उभं राहून पंख वाऱ्यात सांभाळण्याचा सराव करून घेतात. वारा अंगावर वाचणं, डोक्यावरच्या कापडाकडे सतत न बघता त्याचा ताण हाताला कळणं, या गोष्टी पुढे समुद्रात थेट कामी येतात. खेळ वेगळा आहे, पण हात तयार होतात. दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा पतंग घेऊन विजेच्या तारा नसलेल्या मोकळ्या मैदानात उडवला तरी फरक पडतो.

संक्रांतीला पतंग उडवलेल्याला इथलं मूळ तत्त्व चटकन उमगेल. हातातली दांडी, जिला सगळे बार म्हणतात, ती पुढे सोडली की ढील, जवळ ओढली की खेच. घाबरलेला नवशिका दांडी छातीशी घट्ट धरतो आणि पतंग त्याला आणखी जोरात ओढतो. भीती वाटली की हात सोडायचे, हे शरीराला शिकवण्यातच पहिला दिवस जातो. त्यानंतर क्विक रिलीज. कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्याला, पतंग जोडणाऱ्या चिकन लूपची ही सुटका डोळे मिटूनही जमली पाहिजे. मग पाण्यातून अंगानेच ओढलं जाण्याचा सराव, म्हणजे बॉडी ड्रॅग. त्यापुढे बोर्डवर उठणं, आणि शेवटी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या दिशेने, चढत निघालेल्या जागी परत येणं. हे शेवटचं जमेपर्यंत तुम्ही स्वतंत्र झालेले नसता, भले चार माणसं टाळ्या वाजवोत.

साधारण १० ते १२ तासांच्या शिकवणीत बरेच जण बोर्डवर उठू लागतात. वर चढायला त्याहून कितीतरी जास्त सराव लागतो. म्हणून शाळा निवडताना दिवसाचा दर विचारू नका, पाण्यातल्या तासाचा विचारा. एका पतंगावर किती विद्यार्थी? बचावाची बोट पाण्यात तयार असते की किनाऱ्यावर बांधलेली? हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का? वारा आलाच नाही तर पैशांचं काय? उत्तरं देताना समोरचा चुळबुळ करू लागला तर तिथून निघावं. आणि टिळक तलावात रोज पोहत असलात तरी खोल पाण्यात लाइफ जॅकेटशिवाय शांतपणे तरंगता येतं का, हे आधी पाहून घ्या. भिंत हाताशी नसताना ते वेगळं असतं.

साहित्य लगेच विकत घेऊ नका. नवा पूर्ण संच दोन लाखांच्या पुढे सहज जातो, आणि शिकून झाल्यावर कोणत्या मापाचा पतंग हवा हे तुमच्या वजनावर आणि निवडलेल्या किनाऱ्यावर ठरतं. गोव्याचा सौम्य वारा धरून घेतलेला १४ मीटरचा पतंग कल्पिटियात पिशवीतच राहील. पाण्याखाली पंख असलेल्या फॉइल बोर्डचंही तसंच. तो कमी वाऱ्यात धावतो, गोव्यात फार शोभतो, पण रामेश्वरमच्या उथळ पाण्यात त्याचा दांडा तळाला लागेल. सुरुवात दोन्ही टोकं सारखी असलेल्या साध्या बोर्डवर, म्हणजे ट्विन टिपवरच करावी.

आता लांब पल्ल्याविषयी, कारण अनेकांच्या मनात तेच असतं. २०१५ साली पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लुफिन्या लिस्बनहून माडेरापर्यंत ८७४ किलोमीटर पतंगावर गेला, सुमारे ४८ तासांत. सरासरी काढा: ताशी अठराच्या आसपास. वेग काही अफाट नाही. अफाट आहे ते दोन दिवस कमरेवरचा तो ताण सोसत, रात्रीच्या अंधारात न दिसणारा पतंग सांभाळणं. त्याच्यासोबत मदतीची बोट होती. पोलंडचा यान लिसेवस्की २०१२ मध्ये इजिप्तहून सौदीकडे तांबडा समुद्र एकटा ओलांडायला निघाला. वाटेत वारा पडला. शार्कना हुसकावत तो चाळीसहून अधिक तास समुद्रात राहिला आणि अखेर सौदी पथकाने त्याला बाहेर काढलं. वादळाने केलं नसतं ते नुसत्या शांततेने केलं, आणि ही गोष्ट मोठं अंतर कापू पाहणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. वारा वाढला तर लहान पतंग लावता येतो. वारा संपला तर तुमच्याकडे फक्त हवा भरलेलं कापड उरतं.

या दृष्टीनेही जागांची तुलना करावी. गोव्यात हरमलहून मोरजीपर्यंत वाऱ्यासोबत किनाऱ्याने सात-आठ किलोमीटर उतरणं हा पहिला लांब पल्ला म्हणून छान आहे, कारण बहुतेक वाटेत वाळू शेजारीच असते. खडक आणि मासेमारीच्या जाळ्यांची माहिती स्थानिकांकडून घ्यावी. कल्पिटियातही बेटांच्या कडेने असे प्रवास करतात. धनुष्कोडीला उभं राहिलं की मात्र वेगळाच मोह होतो. समोर तलैमन्नार जेमतेम तीसेक किलोमीटरवर. पण मधून आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जाते, जिच्यावरून दोन्हीकडचे मच्छीमार पकडले जातात. दोन्ही सरकारांच्या लेखी परवानगीशिवाय तिकडे वळूही नये. तसंच सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, परदेशातल्या मोहिमांचे व्हिडिओ पाहून ते मागवू नका. इथे सोबत बोट, तिच्यावर परवानाधारक व्हीएचएफ रेडिओ, आणि बोटवाल्याच्या फोनमध्ये तटरक्षक दलाचा बचाव क्रमांक १५५४ हवा.

कोऱ्या माणसाला मी म्हणेन: फेब्रुवारी-मार्चमध्ये गोव्याला दोन-तीन दिवस जाऊन पतंगाची ओळख करून घ्या, आणि तो खेळ आपला वाटला तर खरं शिक्षण जुलै-ऑगस्टमध्ये रामेश्वरमला पूर्ण आठवडा काढून करा. एकच फेरी परवडत असेल तर गोवा वगळा. जाण्याआधी विंडगुरू किंवा विंडी या वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या संकेतस्थळांवर दोन्ही ठिकाणचा वारा रोज संध्याकाळी पाहायची सवय लावा. पंधरवड्यात आकड्यांची भाषा कळू लागते, आणि तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.