कपाशीतलं ‘झाकणभर संजीवक’: फसवणूक नेमकी कुठे होते

पाते (फुलकळ्या) लागायच्या सुमारास संजीवकाची, म्हणजे पिकाची वाढ बदलणाऱ्या औषधाची, बाटली बांधावर येते. लेबलवर फुटवे, पाते, बोंडं, सगळं एका फवारणीत. आत कोणता घटक किती टक्के, ते मात्र कुठेच नाही. चार ओळींवर फवारून दाखवतात, आठवडाभरात पानं गर्द हिरवी होतात आणि सौदा ठरतो.

फसगत त्या हिरव्या रंगातच आहे. मेपिक्वाट क्लोराइड किंवा क्लोरमेक्वाट क्लोराइड ही वाढरोधकं झाडात जिबरेलिन, म्हणजे पेरं लांबवणारं संप्रेरक, तयार होऊ देत नाहीत. पेरं आखूड पडतात, पानं लहान नि जाड राहतात, म्हणून रंग दाटतो. बाटलीत युरिया किंवा मॅग्नेशियम असलं तरी रंग येतोच. बोंडं वाढल्याचा तो पुरावा नव्हे. भरपूर पाणी-नत्र मिळून माजलेल्या कपाशीला वाढरोधक उपयोगी पडतं. पण शेंड्याकडून चौथ्या नि पाचव्या गाठीमधलं अंतर पाच सेंटिमीटरच्या आत असेल किंवा पिकाला ताण बसला असेल, तर तेच औषध झाड खुंटवतं, उत्पादन घटतं. विकणारा पट्टी घेऊन हे अंतर मोजत नाही, तुम्ही मोजा.

दुसरी गोम मापात. पातेगळ थांबवायला एनएए हे ऑक्झिन (वाढीचं संप्रेरक) १० पीपीएम, म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम, लागतं. ४.५ टक्के द्रावणात मिलिलिटरमागे ४५ मिलिग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३.३ मिलि. ‘झाकणभर टाका’ म्हणाले आणि झाकण १० मिलिचं निघालं, तर ३० पीपीएम झालं. ऑक्झिन जास्त झालं की झाडात गळ घडवणारा इथिलीन वायू वाढतो आणि थांबवायची ती गळ आणखी होते. तक्रार केली की उत्तर तयार: ‘ढगाळ हवा होती.’ ढगाळ हवेनं, ताणानं, साचलेल्या पाण्यानं पाते गळतातच, म्हणून ते पटतं.

पानं अरुंद, लांब बोटांसारखी फाटलेली दिसली तर २,४-डी या तणनाशकाचा संशय घ्या. कपाशी त्याला फार नाजूक आहे; तणनाशकाच्या न धुतलेल्या पंपातूनही हे होतं. पंप वेगळा असेल, तरच बाटलीवर बोट ठेवता येतं.

घ्यायचंच असेल तर घटक, टक्केवारी, बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्या. थोडं औषध मूळ बाटलीतच राहू द्या. शेताच्या मधल्या चार ओळी बिनफवारणीच्या ठेवा, दोन्हीकडची दहा-दहा झाडं खुणेनं बांधून बोंडं मोजा आणि प्रत्येक वेचणीचा कापूस वेगळा तोला.