गुप्तभेटीच्या नावाखाली झालेली नाण्यांची अदलाबदल

दिवाळीनिमित्त नाणीसंग्राहकांनी आपापसांत भेटींची देवाणघेवाण करायची, ही पद्धत आमच्या गटात चांगली रुळलेली होती. पुणे, सातारा, कोल्हापूर, ठाणे अशा ठिकाणी विखुरलेले, प्रदर्शनांत आणि जुन्या बाजारात ओळख झालेले आम्ही लोक दसऱ्याच्या सुमारास चिठ्ठ्या टाकतो, ज्याच्या वाट्याला ज्याचे नाव येईल त्याने त्याच्या आवडीचे एखादे नाणे पाठवायचे, आणि कोणी कोणाला काय दिले हे तुळशीचे लग्न झाल्यावर जाहीर करायचे, असा हा साधा प्रकार आहे. गेल्या खेपेला याच उपक्रमाचे आयोजन स्वतःकडे घेऊन एका गृहस्थांनी अनेकांची अस्सल नाणी दाबून ठेवली आणि बदल्यात ओतीव नकला वाटल्या. प्रकरण पोलिसांकडे असल्यामुळे मी त्यांचे नाव लिहीत नाही. परंतु त्यांनी वापरलेली रीत इतरत्रही सहज वापरता येण्याजोगी असल्याने ती मात्र सविस्तर सांगतो.

हे गृहस्थ अगदीच अनोळखी नव्हते. त्यांच्या बोलण्यात अभ्यास दिसत असे. शिवराईच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याच्या, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे कशी बसवलेली असतात, दुदांडी शिवराईवर दोन ओळींच्या मध्ये जोडरेघ कुठे येते, यावर ते तासभर बोलू शकत. पत्ते गोळा करणे, याद्या करणे, उशीर करणाऱ्यांच्या मागे लागणे ही कामे कोणालाच नको असतात, त्यामुळे त्यांनी ती आपणहून मागितल्यावर सगळ्यांना हायसे वाटले. त्यानंतर त्यांनी पद्धतीत एक बदल सुचवला, जो वरवर पाहता समंजसपणाचा होता. पूर्वी प्रत्येकजण आपली भेट थेट समोरच्याच्या पत्त्यावर पाठवत असे. आता सर्वांनी ती आयोजकाकडे पाठवावी, म्हणजे पाकिटावरचा पत्ता पाहून गुपित फुटणार नाही, शिवाय नवख्या सदस्याच्या हाती चुकून खोटे नाणे जाऊ नये म्हणून आयोजक प्रत्येक नाणे पारखूनच पुढे पाठवील, असे त्यांचे म्हणणे होते. सोबत प्रत्येकी हजार रुपये अनामत यूपीआयने घेतली गेली. भेट न पाठवता नुसती भेट घेऊन गप्प बसणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ही अनामत, आणि ती दिवाळीनंतर परत, असे ठरले.

मी एक शिवराई आणि १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त निघालेले दहा रुपयांचे चांदीचे नाणे, अशा दोन वस्तू पाठवल्या होत्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी मला जे पाकीट आले, त्यात पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये जपून बसवलेला १९११ चा रुपया होता. नाण्यांचा नाद नसलेल्यांसाठी सांगायला हवे की, पाचव्या जॉर्जच्या या पहिल्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरच्या हाराला असलेला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, मुसलमान समाजात नाराजी पसरली, सुमारे ९४ लाख नाणी पाडून झाली असताना जेमतेम ७ लाखच चलनात गेली आणि उरलेली वितळवून पुढच्या वर्षी हत्तीची आकृती सुधारण्यात आली. त्यामुळे ‘पिग रुपया’ दिसला की संग्राहकाचा हात आपोआप पुढे जातो. आम्ही ठरवलेल्या किमतीच्या मर्यादेपेक्षा ही भेट सरळच अधिक मोलाची होती.

फसवणुकीचे सारे मर्म इथेच आहे. विकत घेतलेले नाणे आपण भिंगाखाली धरतो, तोलतो, दुकानदाराशी हुज्जत घालतो; भेट आलेल्या नाण्याच्या बाबतीत ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ हे वचन आडवे येते आणि तराजू काढणेच असभ्यपणाचे वाटते. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, आणि दोघांनाही फक्त मधला माणूस माहीत आहे. चोराला याहून सोयीची रचना सांगूनही करता येणार नाही.

तरीही नाणे होल्डरमध्ये हलवताना त्याचा आवाज मला बद्द वाटला, म्हणून मी ते सोन्या मारुती चौकातल्या ओळखीच्या सराफाकडे नेले. ब्रिटिश काळातल्या त्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदीचे प्रमाण शेकडा ९१.७ असते. माझ्या हातातले नाणे व्यासाला बरोबर होते, पण काट्यावर दहा ग्रॅमही भरले नाही. तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण, म्हणजे ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो ते, चांदीपेक्षा हलके असते. त्याच आकाराचे नाणे त्यातून ओतले तर वजन नेमके एवढेच घटते, आणि वजन साधायचे ठरवले तर जाडी वाढते. सराफाने कड नखाने चाचपून दाखवली. खऱ्या रुपयाच्या कडेवरचे दाते सलग आणि धारदार असतात. इथे मध्यभागी एक बारीक रेघ सगळीकडे फिरलेली होती, जिथे साच्याचे दोन अर्धे जुळले होते.

त्याच संध्याकाळी मी साताऱ्याच्या काकांना फोन केला. ते आमच्यातले सर्वांत जुने संग्राहक. “काका, तुम्हाला यंदा काय आलं?” असे विचारल्यावर ते थोडे थांबले. “पिग रुपया आला. पण मला एक सांग, तुझ्याकडंही तोच असला तर राजाच्या कानापासून गळ्याकडं गेलेला ओरखडा आहे का बघ. आणि वरच्या कडेला, ‘किंग’ या अक्षरांच्या माथ्यावर, एक खळगा.” मी दिव्याखाली धरून पाहिले. ओरखडा होता. खळगाही होता.

ज्यांना टाकसाळीचे काम माहीत आहे त्यांना याचा अर्थ ताबडतोब कळेल. एकाच डायने, म्हणजे टाकसाळीतल्या ठशाने, ठोकलेल्या दोन नाण्यांत डायची चूक सारखी दिसू शकते. पण ओरखडे आणि खळगे हे नाणे खिशातून, गल्ल्यातून, पेटीतून फिरताना लागतात आणि ते दोन नाण्यांना सारखे कधीच लागत नाहीत. दोन्हींवर एकच इजा असेल तर दोन्ही एका मूळ नाण्याच्या साच्यातून ओतलेली आहेत, यात शंकेला जागा राहत नाही. वजन-काटा जवळ नसलेल्या माणसालाही ही परीक्षा नुसत्या छायाचित्रांवरून करता येते, म्हणून मी ती मुद्दाम नोंदवतो. आम्ही सर्वांकडून आलेल्या भेटींची छायाचित्रे मागवली, तेव्हा तोच ओरखडा आणखी काही जणांच्या रुपयावर सापडला आणि गटातल्या एकानेही १९११ चा रुपया दिलेला नव्हता, हेही उघड झाले. काकांनी स्वतः दिलेला १८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपया कोणाकडेच पोहोचला नव्हता.

यादी तपासताना दुसरीही गोम निघाली. आखाती देशात राहणारे म्हणून दाखवलेले दोन सदस्य प्रत्यक्षात कोणाच्याच ओळखीचे नव्हते. त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या ज्यांना आल्या त्यांच्याकडून चांगली नाणी गेली, आणि त्यांच्याकडून येणारी भेट ‘कस्टममध्ये अडकली’ ती अडकलीच. वास्तविक शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष व कलासंपदा कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशस्थ सदस्याला शिवराई भेट देण्याचा बेतच मुळात बेकायदा होता, आणि एका सदस्याने ही शंका काढली तेव्हा ‘त्यांचे पुण्यातले नातेवाईक पाकीट घेतील’ असे गोड उत्तर मिळाले होते.

जाब विचारल्यावरची उत्तरे ठरलेल्या क्रमाने आली. आधी ‘भेटीची पारख करायची नसते’, मग ‘कुरियरवाल्याने बदलले असेल’, मग देणाऱ्यांची नावे तुळशीच्या लग्नाऐवजी त्रिपुरी पौर्णिमेला जाहीर करण्याचे आश्वासन, आणि त्यानंतर फोन बंद.

अनामतीच्या रकमेसाठी १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवणे सोपे गेले, कारण यूपीआयच्या नोंदी हाताशी होत्या. नाण्यांच्या बाबतीत मात्र पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी विचारलेले प्रश्न अडचणीचे होते. बिल कुठे आहे? भेटीचे बिल नसते. पाठवल्याचा पुरावा काय? बहुतेक कुरियर कंपन्या नाणी, चलन आणि पुरातन वस्तू स्वीकारत नाहीत, म्हणून पुष्कळांनी पावतीवर ‘पुस्तक’ किंवा ‘किचेन’ असे लिहून पाकिटे पाठवली होती, आणि कागदोपत्री हरवले होते ते एक किचेनच. अखेर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१६ खाली, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात यांसाठी, आमचा अर्ज घेतला गेला तो ज्यांच्याकडे नाण्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि वजने होती त्यांच्या जोरावर. जुन्या नाण्यांच्या खरेदीचे आमिष दाखवून कमिशन उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता आणि तो बहुतेकांना ठाऊक असतो. पण तिथे समोर अनोळखी ठग असतो. इथे समोर आपल्यातलाच एक दर्दी होता.

गटाने आता मधला माणूस काढून टाकला आहे. चिठ्ठ्या सर्वांसमोर काढल्या जातात, आणि भेट प्रदर्शनाच्या वेळी हातोहात दिली जाते. गुपित राहिले नाही तर न राहो. देणारा नाण्याचे वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे एका तिऱ्हाईत सदस्याकडे आधीच ठेवतो, आणि घेणारा सर्वांदेखत ते तोलतो. पहिल्यांदा तसे करताना सगळे जरा अवघडले होते. काकांनी स्वतःचे नाणे आधी काट्यावर ठेवल्यावर प्रश्न मिटला. अनामत कोणी मागत नाही. दूरच्या गावच्या एखाद्याला येणे जमत नसेल तर त्याने त्या वर्षी चिठ्ठीत नाव घालू नये, असा थोडा कठोर नियम आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे.

अजून हाती न लागलेल्या नाण्यांपैकी तीन नाण्यांची खूण सांगता येते. काकांच्या १८६२ च्या रुपयाच्या माथ्यावर, राणीच्या मुकुटाच्या वर, माळेत ओवण्यासाठी पूर्वी डाग देऊन जोडलेली कडी काढल्याची खरबरीत जागा आहे. माझ्या शिवराईचा ठोका एका बाजूला सरकलेला असल्याने ‘छत्र’ मधला ‘छ’ अर्धा कडेबाहेर गेला आहे, आणि वजन ११ ग्रॅमच्या किंचित खाली आहे. गांधींच्या दहा रुपयांवर अशोकस्तंभाच्या डावीकडे तपकिरी डाग आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा एखाद्या प्रदर्शनात यांपैकी काही दिसल्यास विकणाऱ्याशी वाद न घालता छायाचित्र काढून घ्यावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे.