फोनवरचा फासा: लुडोला ठीकठाक, भिशीला एक नंबर

गूगलवर इंग्रजीत रोल डाइस असं टाइप केलं की रिझल्टच्या वरतीच फासा येतो, बटण दाबलं की फिरतो आणि दान पडतं. बस, एवढंच आहे ते. अॅप नको, लॉगिन नको, मोबाइल नंबर द्यायला नको. आमच्या घरी लुडो, भिशीचे नंबर आणि आज ओटा कोण आवरणार या तिन्हीला सध्या हाच चालतो, म्हणून म्हटलं नीट लिहावं, कारण प्ले स्टोअरवर डाइस शोधलं तर इतकी अॅप्स येतात की काय घ्यावं कळत नाही आणि बरीचशी घेण्यासारखी नाहीत. आमच्याकडे एक आलं होतं, नाव घेत नाही, त्यात चार-पाच दानं झाली की अख्खी स्क्रीन भरून जाहिरात, ती बंद करायची फुली एवढीशी, आणि वर लोकेशनची परमिशन मागत होतं. फासा टाकायला मी कुठे बसलेय हे कशाला हवं? लगेच काढून टाकलं.

गूगलच्या फाशात सहा बाजूंचा नेहमीचा आहेच, शिवाय ४, ८, १०, १२ आणि २० बाजूंचेपण आहेत, हवा त्याच्यावर टॅप करायचं की तो अॅड होतो, दोन-तीन एकदम टाकले तर बेरीज तोच करून देतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या पोरांना हे सगळे लागतात, आणि २० बाजूंचा फासा आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळत नाही, त्यामुळे त्यांची मोठीच सोय.

आता लुडो. खऱ्या फाशाने खेळताना आमच्याकडे निम्मं भांडण फाशावरूनच असतं, तिरका पडला, पटाच्या घडीत अडकला, तू हातातून नुसता सरकवलास, हे धरायचं नाही परत टाक. फोनवर हे सगळं बंद. पण एक नवीन भांडण सुरू होतं ते म्हणजे "हा फोन मला सहा देतच नाही". हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी कागदावर हिशोब मांडला. एका दानात सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. सलग दहा दानांत एकदाही सहा न पडणं म्हणजे ते पाच-षष्ठांश दहा वेळा गुणायचं, येतं साधारण १६ टक्के. म्हणजे चौघं खेळत असाल तर चौघांपैकी निदान एकाची तरी सोंगटी पहिली दहा दानं घरातच बसून राहणार असं जवळजवळ निम्म्या डावांत होतंच, त्यात फोनचा काही दोष नाही. सलग तीन सहा पडून पाळी जाणं मात्र खरंच दुर्मिळ, २१६ मधे एकदा. हे पोरांना दाखवलं तेव्हा रडारड कमी झाली आणि भाचा चक्क वही घेऊन दानं लिहायला लागला, गणिताच्या पुस्तकाला जे जमलं नाही ते झालं.

तरी लहान मुलांसाठी मी खराच फासा म्हणेन. तो मुठीत घोळवायचा, त्यावर फुंकर मारायची, टिपके मोजायचे, समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात येते हे स्वतः शोधून काढायचं, ती मजा बटणात नाही.

भिशीत मात्र याला तोड नाही. आमची भिशी अकरा जणींची, आणि जूनचा नंबर सगळ्यांना हवा असतो कारण शाळेच्या फिया, नाहीतर मग दिवाळीच्या आधीचा. पूर्वी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून कुणाच्या तरी लहान मुलाला उचलायला लावायचो, मग कुणाची घडी जाड झाली, कुणाची चिठ्ठी वरच राहिली, डबा नीट हलवलाच नाही, अशी कुजबुज व्हायचीच. फोन मधे ठेवून सगळ्यांसमोर टाकला की प्रश्न मिटतो. पण इथे एक गोष्ट प्लीज नीट वाचा. एकीने सुचवलं की दोन फासे टाकू, बेरीज २ ते १२ येते, म्हणजे बरोबर अकरा आकडे, प्रत्येकीला एक देऊन टाकू. ऐकायला एकदम मस्त वाटतं पण हे साफ चुकीचं आहे. दोन फाशांत एकूण ३६ जोड्या पडू शकतात, त्यात २ फक्त एकाच तऱ्हेने येतो, दोन्हीवर एक पडला तरच, आणि ७ सहा तऱ्हांनी येतो. म्हणजे जिच्याकडे ७ आहे तिला २ वालीपेक्षा सहापट चान्स! पैशाच्या गोष्टीत हे चालणार नाही. त्यापेक्षा १२ बाजूंचा एकच फासा घ्या, १२ पडला किंवा आधी येऊन गेलेला आकडा परत पडला तर ते दान सोडून पुन्हा टाका. जवळ साधा सहाचाच फासा असेल आणि बरोबर बारा जण असतील तर एकदा टाकून सम आलं तर पहिले सहा, विषम आलं तर पुढचे सहा, आणि मग दुसऱ्यांदा टाकून त्या सहातला एक, यात सगळ्यांना सारखा चान्स मिळतो. पाच जण असतील तर सहा पडला की परत टाकायचा, सोपं आहे.

दुसरी गोष्ट, कुणाचा आकडा कोणता हे दान टाकायच्या आधी ग्रुपवर लिहून टाका, कुणाच्या फोनवर टाकणार तेपण. एकदा पडलं की "नेट अडकलं होतं, हे नको धरूया" चालवून घेऊ नका. खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात हरला तर ठरलेली पैज पाळून बारा वर्षं बानूकडे मेंढरं राखायला गेला असं आपल्याकडे सांगतात, देवाला जे लागू ते भिशीलापण लागू.

सोसायटीच्या पार्किंगसारखं मोठं काम असेल तर मी रँडम डॉट ऑर्ग ही साइट सुचवेन. आयर्लंडमधे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे मॅड्स हार यांनी १९९८ मधे ती सुरू केली. बाकी बऱ्याच ठिकाणी फाशामागे कॉम्प्युटरचा फॉर्म्युला असतो, आकडे सैरभैर दिसतात पण गणितातून आलेले असतात, इथे वातावरणातल्या रेडिओच्या खरखरीतून आकडे काढतात. लुडोला याने काडीचा फरक पडत नाही. पण पार्किंगच्या मीटिंगमधे "हे आधीच सेट केलंय" म्हणणारे एक काका असतातच, त्यांना ही खरखर समजावून सांगितली की बरंचसं शांत होतं. तिथे फासा आहेच, शिवाय नावांची यादी टाकली की ती पूर्ण पिसून क्रम लावून देणारं पानपण आहे, तीस-चाळीस फ्लॅट असतील तर फाशाच्या नादाला न लागता तेच वापरा. साइट दिसायला जुनाट आहे, फोनवर अक्षरं बारीक वाटतात, पण मोठ्या टीव्हीला जोडून दाखवली की सगळ्यांना दिसतं. आणि हे करताना सेक्रेटरीने एकट्याने घरी बसून टाकून निकालाचा स्क्रीनशॉट पाठवायचा नाही, कारण फासा कितीही चोख असला तरी पाच वेळा टाकून आवडलेलं दान पाठवता येतंच ना.

परदेशातल्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर खेळतानापण हीच काळजी. आम्ही न्यूजर्सीच्या आतेबहिणीशी लुडो खेळतो, दोन्हीकडे पट मांडायचा, सोंगट्या दोन्हीकडे हलवायच्या आणि फासा फक्त एकाच्या स्क्रीन शेअरवर, मग ज्याची पाळी तो "टाक" म्हणतो. थोडा वेळ लागतो पण आत्यापण खेळते, ८० च्या पुढची आहे, तिला गेमचं अॅप काही जमत नाही.

नेट मात्र लागतं, ही याची खरी अडचण. कोकण रेल्वेत करबुड्याचा बोगदा आला की पानच उघडत नाही, तो साडेसहा किलोमीटरचा आहे आणि पुढेपण बोगदेच बोगदे. गाडीत खेळणार असाल तर खरा फासा पर्समधे टाका, दोनच टाका, एक सीटखाली जातोच.